रस्त्याची पाटी नंतर, आधी मोरी दाखवा

दरवर्षी जुलैत आपल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ येतो. धो धो पाऊस, गुडघाभर चिखल, दोन बांबूंना बांधलेली घोंगडी आणि तिच्यात कण्हणारं कुणीतरी. चौघांचे खांदे खाली, बाकीचे मागून. गावाचं नाव तेवढं बदलतं. कधी आमगाव, कधी गवाळी, कधी कोंगळा. आपण तो स्टेटसला ठेवतो, खाली लिहितो, "लाज वाटली पाहिजे." गणपती येतात, पाऊस ओसरतो, स्टेटस बदलतं.

मला तो व्हिडिओ पुरा बघवत नाही. तीन वर्षांपूर्वी त्या घोंगडीत माझी आज्जी होती. माझं आजोळ खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मामाला अजून तिथंच राहायचंय आणि त्याच कचेरीच्या पायऱ्या चढायच्यात. त्या रात्री मामा आणि गल्लीतले तिघे खांद्याला होते, मी बॅटरी घेऊन पुढे. अडीच तास लागले डांबरी रस्त्याला यायला. आज्जी वाचली. त्यामुळे आमची बातमी झाली नाही.

पण मला आज डोलीविषयी लिहायचं नाही. डोलीनंतर आलेल्या रस्त्याविषयी लिहायचंय. त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

पुढच्याच वर्षी गावाला रस्ता मंजूर झाला. म्हणजे काय झालं, तर एप्रिलच्या एका सकाळी जेसीबी आला. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. जेसीबीनं वहाळाच्या कडेकडेनं सरळ वर डोंगर कापत नेला, कारण तीच वाट सगळ्यात जवळची. निघालेली माती आणि डबर दरीच्या अंगाला ढकललं. तीन आठवड्यांत मातीचा रस्ता तयार. गावातले एक आजोबा, ज्यांचं आयुष्य म्हशींमागं याच रानात गेलं, एवढंच म्हणाले, "रस्ता छान झाला, खरं पाणी कुठनं जाणार?" सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत वरचा कापलेला उतार खाली बसला. रस्ता गेला. रस्त्याखाली जुनी पायवाट होती, तीही गाडली गेली. दरीत ढकललेल्या मातीनं वहाळ तुंबला आणि फुटून दोन घरांच्या भातात शिरला. आधी डोली तरी जायची. आता डोलीलाही वाट राहिली नाही.

आणि कागदावर? कागदावर काम पूर्ण. मामा पुन्हा अर्ज घेऊन गेला तेव्हा टेबलामागच्या माणसानं फाइल उलटी फिरवून दाखवली, "तुमच्या गावाला रस्ता दिलेला आहे." माझं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं आहे. चुकीचा आखलेला रस्ता पहिल्या पावसात वाहून जातोच, पण जाताना गावाचा हक्कही घेऊन जातो. ज्याला रस्ताच मिळाला नाही तो निदान मागू तरी शकतो. ज्याला असला रस्ता मिळाला, त्याच्या मागणीवर "निकाली" असा शिक्का बसतो.

मी राज्यशास्त्र शिकते, इंजिनिअर नाही. तरी दोन वर्षं हाच विषय डोक्यात असल्यामुळे जे कळलं ते सांगते. यात अवघड काही नाही. अवघड असल्याचा आव मात्र भरपूर आणला जातो.

आपल्या रानात अनेक ठिकाणी वर जांभा दगड आणि त्याच्याखाली मऊ, चिकण मातीचा थर असतो. जांभा सच्छिद्र. पाऊस त्याच्यातून आरपार उतरतो आणि खालच्या मातीवर येऊन थांबतो. माती भिजली की जड होते, तिची पकड सुटते, वरचं सगळं ओझं त्या निसरड्या थरावर बसलेलं असतं. पाऊसही साधा नाही. कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आगुंबे आणि हुलिकलबरोबर आमगावचं नाव घेतात. इतकी वर्षं हा डोंगर उभा आहे कारण त्याचा पाया त्याच्या पायाशी आहे आणि झाडांची मुळं त्याला धरून आहेत. रस्ता म्हणजे नेमका तोच पाया कापणं. मग कापायचंच असेल तर किती कापायचं आणि पाण्याला वाट कुठे द्यायची, हे आधी ठरवायला हवं. रस्त्याची आखणी म्हणजे मुळात पाण्याची आखणी. डांबराचा नंबर सगळ्यात शेवटी.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे.

भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, आपल्यासारख्या तीव्र उताराच्या भागात साधारण 6 टक्के चढ धरायला सांगते. अगदीच नाइलाज असेल तिथे 8 टक्के. म्हणजे 100 मीटर चाललात की 6 मीटर वर चढलात. गाव खालच्या रस्त्यापासून 120 मीटर उंचीवर असेल तर 6 टक्क्यांनी तिथे पोचायला 2 किलोमीटर लांबी लागते. आमच्या गावचा रस्ता त्याच्या निम्म्यात वर नेला होता. चढ इतका की रिकामी जीपसुद्धा पहिल्या गिअरमध्ये रडायची. तिथून पेशंटची गाडी पावसात उतरणार होती!

दुसरं गणित रुंदीचं. डोंगराचा उतार 30 अंशांचा आहे आणि त्यात 6 मीटर रुंद सपाट पट्टा कापायचा आहे असं धरा. वरची बाजू भिंतीसारखी उभी कापली तर ती साडेतीन मीटर उंच होते आणि रस्त्याच्या प्रत्येक मीटरला सुमारे 10 घनमीटर माती निघते. तीच बाजू टिकावी म्हणून 45 अंशांत तिरकी कापली तर उंची आठ मीटरवर जाते आणि माती दुपटीहून जास्त निघते. आता ठेकेदार उभंच का कापतो ते कळलं? कमी खोदाई, कमी डिझेल, कमी दिवस. उभी कापलेली माती एप्रिलमध्ये छान उभी राहते. एप्रिलमध्ये फोटो निघतो. जुलैमध्ये फोटो काढायला कुणी येत नाही.

याच गणिताची एक चांगली बाजू आहे. पट्ट्याची रुंदी निम्मी केली तर निघणारी माती निम्मी होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. ज्या गावात दिवसाला 100 वाहनंसुद्धा येणार नाहीत तिथे 3 मीटरचा डांबरी पट्टा चालतो, हे मापदंडातच आहे. जिथे जागा आहे तिथे गाड्यांना बाजू द्यायला थोडी रुंदी ठेवा, बाकी अरुंद राहू दे. आपल्या पुढाऱ्यांना मात्र रुंद रस्त्याचं वेड. "डबल रोड आणतो" म्हटलं की टाळ्या पडतात. त्या टाळ्यांचा हिशेब डोंगर ठेवतो.

हे सगळं खेड्यातल्या फुटकळ ठेकेदाराचं पाप आहे, मोठे रस्ते शास्त्रशुद्धच होतात, असं कुणाला वाटत असेल तर कारवारच्या खाली अंकोल्यापर्यंत जाऊन बघा. 16 जुलै 2024. शिरूरला राष्ट्रीय महामार्ग 66 वर डोंगर खाली आला. रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानातलं कुटुंब गेलं, गाड्या गंगावळी नदीत गेल्या, एक ट्रक सापडायला सप्टेंबरची अखेर उजाडली. भूवैज्ञानिकांच्या पाहणीत बोट कशाकडे गेलं? रुंदीकरणासाठी केलेल्या डोंगराच्या उभ्या कापणीकडे. त्याच्या पुढच्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, आपल्या रोजच्या अनमोड घाटात गोव्याच्या बाजूला रस्त्याचा एक भाग खचला आणि वाहतूक बंद करावी लागली. महामार्ग खचला की मंत्री येतात, यंत्रं येतात, पर्यायी मार्ग जाहीर होतो. आमच्या वाडीचा पर्यायी मार्ग म्हणजे घोंगडी.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, मग रस्ता कशाला हवा? हे रान 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे. म्हादईचा उगम इथला. बारापेडेच्या गुहेतलं वटवाघूळ जगात दुर्मिळ. रस्ता झाला की लाकूडचोर येतील, शिकारी येतील, रिसॉर्टवाले येतील. त्यापेक्षा पैसे घ्या आणि बाहेर या.

या मुद्द्यातलं जे खरं आहे ते मी मान्य करते. रिसॉर्टची भीती खरी आहे, आणि ती आम्हाला जास्त आहे, कारण जमीन आमची जाणार. म्हणूनच अरुंद रस्ता म्हणते. म्हणूनच रात्री फाटक बंद ठेवायलाही आमची ना नाही, फक्त पेशंटच्या गाडीला ते उघडलं पाहिजे. आणि ज्यांना स्वतःहून बाहेर यायचंय त्यांनी जरूर यावं, त्यांना पूर्ण मोबदला मिळावा. पण रस्ता अडवून, लाइट अडवून, शाळेला मास्तर न देऊन मग "गावानं स्वेच्छेनं संमती दिली" असं लिहायचं, याला संमती म्हणत नाहीत. राज्यशास्त्राच्या वर्गात याला दुसरा शब्द आहे, मामाच्या भाषेत तिसरा. तो इथे लिहिता येत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. जंगलातल्या गावासाठी शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, तो आणखी एक उंबरा आहेच. पण "जंगलात रस्ता देताच येत नाही, कायदाच नाही" असं जे आपल्याला तोंडावर सांगितलं जातं ते अर्धसत्य आहे. पुन्हा गणित करा. 6 मीटरचा पट्टा असेल तर एका हेक्टरात दीड-पावणेदोन किलोमीटरच्या आत रस्ता संपतो. पट्टा अरुंद केला तर तेवढ्याच जमिनीत रस्ता जास्त लांब जातो, चढ सौम्य ठेवता येतो, झाडं वाचतात. कायदा, जंगल आणि डोंगर तिघंही एकच सांगतायत. फक्त आपण ऐकायला हवं.

मोजणीची गंमतही बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीला लोकसंख्येची अट 500. डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग, पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग अशांना 250. कर्नाटकात पाचव्या अनुसूचीचं क्षेत्रच नाही आणि कर्नाटक काही डोंगरी राज्य नाही. म्हणजे ढगात बुडालेली आमची वाडी मोजली जाते सपाटीच्या मापानं. दीडशे-दोनशे माणसांची वस्ती त्या मापात बसत नाही. मग इकडचा तिकडचा निधी जोडून, घाईत, मार्च संपायच्या आत संपवायचा म्हणून जेसीबी येतो. घाईचं मूळ इथे आहे.

आता आपल्या स्वतःकडे येते. इथे काही जणांना राग येईल, येऊ दे.

आपण सीमाभागातली मराठी पोरं. बसवरची पाटी, दुकानावरची पाटी, गावाच्या वेशीवरची पाटी, यासाठी आपण लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या. त्या लढ्याविषयी एक शब्द वाकडा बोलणार नाही. माझ्या घरातलेही त्यात होते. पण मला सांगा, आपल्यापैकी कितींनी आपल्या गावच्या रस्त्याचं अंदाजपत्रक मागितलं? आराखडा मराठीत समजावून सांगा म्हणून कुणी मोर्चा काढला? भाषिक अल्पसंख्याकांची संख्या जिथे 15 टक्क्यांहून जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही केंद्राच्या संरक्षण तरतुदींतली गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. ती आपण पाटीसाठी वापरतो. जो कागद आपल्या आज्जीच्या जिवाचा आहे त्याच्यासाठी का वापरत नाही?

आमच्या गावात आराखड्याच्या सभेला काय झालं ते सांगते. कागद कन्नड आणि इंग्रजीत. वाचून कुणी दाखवला नाही. सह्या घेतल्या. म्हशींमागं फिरलेल्या त्या आजोबांना डोंगराचा प्रत्येक ओहोळ माहीत, कुठली जमीन उपळट आहे, ऑगस्टमध्ये कुठनं नवं पाणी फुटतं, सगळं. त्यांनी अंगठा दिला. ज्याच्या डोक्यात खरा नकाशा होता त्याला कागदावरचा नकाशा वाचता येत नव्हता, आणि ज्यानं कागदावर नकाशा काढला त्यानं डोंगर पावसात पाहिलेला नव्हता. भाषेचा प्रश्न म्हणजे अस्मितेचा प्रश्न, असं आपण म्हणतो. आमच्या गावात तो गेलेल्या रस्त्याचा आणि बुडालेल्या भाताचा प्रश्न झाला.

जुनी पायवाट सोंडेवरून जायची, डोंगराच्या धारेनं, वहाळ टाळून. वाकडी, लांब, पण दोन्ही बाजूंनी पाणी निथळून जायचं. पिढ्यान् पिढ्या ती टिकली. कुणी विचारलं असतं तर आजोबांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली असती.

म्हणून यंदा स्टेटस ठेवण्याआधी तीन कामं करूया.

पहिलं, माहिती अधिकारात अर्ज. शुल्क 10 रुपये. मराठीत केला तर भाषेच्या कारणानं परत येऊ शकतो, तो इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये करा. आपल्याला इंग्रजी येतं ना, मग गावाच्या कामाला लावा. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. मागायचं काय? आराखडा, अंदाजपत्रक, रस्त्याच्या चढाचा आलेख, मोऱ्यांची यादी आणि जागा, खोदाईची माती टाकायची ठरलेली जागा. याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

दुसरं, ग्रामसभा. ठरावात "रस्ता मिळावा" एवढंच लिहू नका. लिहा, वरच्या बाजूनं गटार हवं. प्रत्येक ओहोळाला मोरी किंवा फरशी पूल हवा. संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं हवीत. माती दरीत टाकायची नाही. कापणी झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा, डोंगर कुठे हलतो ते बघावं, मग डांबर. आणि आराखडा सभेत मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही.

तिसरं, आत्ता, पावसातच, गावातल्या जुन्या माणसांबरोबर आखलेल्या वाटेवरून चाला. जिथे पाणी फुटतं तिथे मोबाइलमध्ये फोटो आणि ठिकाण नोंदवा. एप्रिलमध्ये येणाऱ्या इंजिनिअरला हे दिसणार नाही. ते त्याच्या हातात ठेवणं आपलं काम.

कुणी म्हणेल, एवढं सगळं मागितलं तर रस्ता आणखी दहा वर्षं लांबेल, आज माणूस मरतोय त्याचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण घोंगडीतला चेहरा मी पाहिलाय. उत्तर एवढंच देते. तोवर जुन्या सोंडेच्या वाटेवर ओढ्यांना लोखंडी साकव घाला, पायऱ्या बांधा, डांबरी रस्त्यापाशी पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी ठेवा, आत आठवड्यातून एकदा नर्स पाठवा. याला ना डोंगर कापावा लागतो ना दहा वर्षं. आणि घाईनं केलेल्या रस्त्यानं आमच्याकडे किती वेळ वाचवला? एक एप्रिल ते एक जुलै.

गेल्या महिन्यात मी आणि मामा त्या आजोबांना घेऊन सोंडेच्या वाटेनं चढलो. वाट गाडली गेली तिथून वळसा घातला. ते पुढे, हातात काठी. अकरा ठिकाणी थांबले. "इथं पाणी येतंय." मी अकरा खुणा मोबाइलवर केल्या. घरी येऊन कागदावर उतरवल्या, खाली मराठीत आणि इंग्रजीत नावं लिहिली. कचेरीतल्या आराखड्यात मोऱ्या किती होत्या ते अर्जाच्या उत्तरात आलं होतं. दोन.

पुढच्या ग्रामसभेत तो कागद मांडणार आहोत. आजोबा म्हणाले, या वेळी अंगठा वाचून झाल्यावर.